गुता

नवतपा लागला त्या दिवशी पिकोनं खाणं सोडलं.
पिको म्हणजे आमची कोंबडी. तांबूस, एका पायानं जरा फेंगडी.
नाव भाच्यानं ठेवलं, दारावरची पाटी वाचून :
'येथे फॉल-पिको करून मिळेल.'
तेव्हा त्याला तेवढंच वाचता येत होतं.

मोरीमागच्या सावलीत बसली होती
पिसं फुगवून, चोच उघडी,
गळ्याखाली लिंबाएवढा फुगा.
दाबला तर कणकेसारखा, बोट उमटलं.
तोंडाला वास, दोन दिवसांच्या ताकाचा.

भिंतीपलीकडून पौनीकरभाऊ म्हणाले,
"संध्याकाळपर्यंत आहे ते. मसाला वाटून ठेव."
वाईट मनानं नाही. त्यांच्याकडे रविवारी
तर्री कशी उतरते, साऱ्या गल्लीला माहीत आहे.
मीही खाते. लपवत नाही.
पिकोची गोष्ट वेगळी. का वेगळी,
ते मला त्या उन्हात सांगता आलं नाही.

गोणपाट ओलं केलं, पिशवीत घातलं, वर तिला.
गोळीबार चौक ते सेमिनरी हिल्स, ऑटोचे एकशे ऐंशी.
रांगेत एक बोकड, एक लॅब्राडॉर, त्याच्यासाठी
घरून आणलेला बॅटरीचा पंखा.
कागदावर रकाना होता : जनावराची अंदाजे किंमत.
मी तो कोरा ठेवला.
लहानशा डॉक्टर पोरीनं गळा चाचपला,
म्हणाली, आत धागे आहेत. पुष्कळ.
तुमच्याकडे शिवणकाम चालतं का?

पोलिसापुढे हलवावी
तशी मी मान हलवली.

दाणा बंद. कोमट पाणी, थेंब थेंब.
तिळाचं तेल, चार तासांनी.
हलक्या हातानं चोळा, घाई करू नका.
घाई नाही तर काय होतं माझ्या हातांत?
दिवसाला सहा साड्या, लग्नसराई.
चोळताना ती एकदा ओरडली,
मी हात काढला, तो परत ठेवेना.

माग विकला त्याला सोळा वर्षं झाली.
तेव्हापासून बाबा कूलरसमोरच्या खाटेवर.
बोलणं तीन गोष्टींचं : नळ आला का,
लाइन गेली का, आज वार कोणता.
रात्री दीडला लाइन गेली.
कूलर गुरगुरत थांबला, ओल्या गवताचा वास
खोलीत तसाच उभा राहिला.
अंधारातून म्हणाले, "तिले इकडे दे."

मी मोबाइल पेटवला. नको म्हणाले.
एक हात तिच्या पोटाखाली, दुसऱ्याचा अंगठा गळ्यावर,
जिथं तुटलेलं टोक असतं तिथं जाणारा अंगठा.
बराच वेळ काही नाही. मग,
"गाठ नाही व हे. गुता आहे.
गुता ओढाचा नसते. सैल कराचा."
एवढी लांब वाक्यं मी त्यांच्याकडून
आई गेल्यावर पहिल्यांदा ऐकली.
मी तेलाची वाटी धरून बसले.
पिको झोपली असावी, की बाबा, की मी.

सहाला नळ आला.
आणि पिकोनं बाबांच्या लुंगीवर
हिरवं-पांढरं, पातळ, नाक धरावं असं काहीतरी टाकलं.
त्यात डाळिंबी रंगाचं एक टोक.
मी आयुष्यात कशाकडे इतकं निरखून पाहिलं नसेल.
बाबा लुंगी झटकेनात.
"लाइन आली का?" एवढंच विचारलं.

फुगा आहे अजून. लिंबाचा बोर झालाय,
की मलाच तसं वाटतंय.
दोन दिवस काही सांगता येत नाही, म्हणाली होती ती पोरगी.
मी मशीनखाली गुडघ्यावर,
चिमटीनं एकेक टोक उचलते आहे.
दारात हेडाऊकाकू. घरचं लग्न परवावर,
त्यांच्या डाळिंबी शालूचा फॉल अर्धाच.
"झाला नाही का व अजून?"
थांबा, म्हणते,
आधी हात धुते.